मिलोरादकाकांच्या गावची लोकसंख्या

आमचे शेजारी मिलोरादकाका ओळख करून देताना नाव सांगत नाहीत. गावची लोकसंख्या सांगतात. मी डब्लिनला, म्हणजे आमच्या ओहायोतल्या डब्लिनला, घर घेतलं त्या दिवशी कुंपणावरून एक पंजा आला. माझी बोटं त्यातून अजून नीट परतलेली नाहीत. पंजामागून आवाज आला, "सर्बिया. डोंगरातलं गाव. सात माणसं."

गावाचं नाव उच्चारायचं तर जीभ भाड्याने आणावी लागते. इतिहास मात्र काका फुकट ऐकवतात, वर घरची प्लमची दारू पाजतात. ती एकदा लॉनवर सांडली, तिथे अजून गवत उगवायला धजत नाही. तुर्क आले, त्यांनी गाव जाळलं. ऑस्ट्रियन आले, जर्मन आले. ज्याच्या हाती काडी लागली त्याने जाळलं.

"पण रिकामं कुणाला करता आलं नाही, कोम्शिया," काका म्हणतात. कोम्शिया म्हणजे शेजारी. "ते शहराच्या बसने केलं."

त्याच बसने काका स्वतः निघाले होते. एवढं ते ग्लासात बघून सांगतात.

तिकडची रीत अशी की माणूस गेलं की त्याच्या फोटोचा, काळ्या चौकटीचा कागद झाडावर लावायचा. येणारा-जाणारा थांबून वाचतो. काका तो इथल्या मेपलवर लावायचे. त्यावरची सर्बियन लिपी आमच्या गल्लीत कुणाला येणार? सगळ्यांना वाटलं, कुणी म्हातारा हरवलाय. नागपूरच्या वैशालीताईंनी तर बेल वाजवून सांगितलं, काळजी करू नका काका, या आजोबांना मी सकाळीच इंडियन ग्रोसरीत भेंडी निवडताना बघितलं.

काकांनी चूक दुरुस्त केली नाही. विचारलं, "तब्येत बरी वाटली का त्याची?"

कागद लागत गेले. शेवटी गावात एकटी स्ताना उरली, काकांची थोरली बहीण. इकडे ये म्हणून काका दर रविवारी फोनवर तिच्याशी भांडायचे, इतक्या जोरात की मध्ये फोन कशाला ठेवलाय, असा आम्हाला प्रश्न पडे. तिचं एकच उत्तर: मी निघाले तर गाव कुठे राहील?

या हिवाळ्यात स्ताना गेली. काकांच्या मुलीने मला रडत सांगितलं. मी रोज मेपलकडे बघत होतो, पण कागद काही लागेना.

एका रविवारी पिठलं-भाकरीचा डबा घेऊन गेलो. काका स्वयंपाकघरात फोन कानाला लावून बसले होते. मी हळूच विचारलं, कुणाला लावताय?

"स्तानाला."

मी डबा टेबलावर ठेवला. तेच म्हणाले, "वेडा नाही झालो. मीच फोन कंपनीला सांगितलंय, तिचा फोन कापू नका म्हणून."

त्यांनी फोन माझ्या कानाशी धरला. पलीकडे रिंग जात होती.

"ऐक, कोम्शिया. गावात आवाज होतोय."

रिंग आपोआप थांबली. काकांनी फोन माझ्या कानापासून काढला आणि पुन्हा तोच नंबर लावला.