रुंदचोच्या की पितोग्वे

पोस्टातून निवृत्त झाल्यावर करई देमेत्रियो पंधरा दिवस घरातले चमचे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावत बसले, तेव्हा त्यांच्या मुलीने, निमियाने, त्यांच्या हातात पक्ष्यांचं पुस्तक दिलं. करई म्हणजे राव. गावात पोस्टमास्तरांना नुसत्या नावाने हाक मारायची कुणाची छाती नव्हती. निमियाची मात्र होती, आणि चमचेही तिचेच होते.

"पापा, अंगणात बसा आणि पक्षी बघा," ती म्हणाली. "कुणाला काय खाऊ घालायचं तेसुद्धा यात दिलंय. मला जरा शिवू द्या."

करईंनी ते पुस्तक पोस्टाची नियमावली वाचावी तसं पहिल्या पानापासून वाचलं. निळ्या पाखराला अर्धं संत्रं, कोरोचिरेला पिकलेली पपई, होल्यांना बाजरी, आणि फुलापुढे थरथरत उभ्या राहणाऱ्या मैनुम्बीला साखरेचं पाणी. त्यांनी पेरूच्या झाडाखाली एक फळी टांगली. दुपारी सगळं गाव झोपलं की ते तेरेरेचं, म्हणजे पानांच्या थंडगार काढ्याचं, शिंग हातात घेऊन खुर्चीत रेलत. पानांतून उन्हाचे कवडसे त्यांच्या पोटावर हलत, होले एका सुरात घुमत, आणि करईंना आपण जागे आहोत की झोपलोय ते कळेनासं होई. कधी दहा वर्षांपूर्वी गेलेली बायको अंगण झाडून जाई. कधी घोड्यावरून टपाल येई. कधी कुणी माणूस हातात बूट धरून अनवाणी समोरून जाई. करई सगळ्यांकडे बघून प्रेमाने मान डोलवत. त्या दिवसांत ते फार सुखात होते.

घोळ शेवटच्या पानाने केला. तिथे एका पिवळ्या पोटाच्या पक्ष्याचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'बारीक चिरलेलं मांस.' एका बुधवारी करईंनी अर्धवट झोपेतच फळीवर मांस ठेवलं. पिवळा पक्षी आला, पोटभर जेवला, निमियाच्या शिवणाच्या खोलीच्या खिडकीवर जाऊन बसला आणि सगळ्या आळीची झोप मोडेल अशा आवाजात ओरडला, "पितोग्वे! पितोग्वे!"

करई ताडकन जागे झाले. पॅराग्वेत शेंबडं पोरही सांगेल, पितोग्वे ज्या घरावर ओरडतो त्या घरात पाळणा हलणार. डॉक्टर एक वेळ चुकेल, पितोग्वे चुकत नाही. अख्ख्या देशात त्याला मांस घालून घरी बोलावणारा माणूस हा एकच निघाला.

भिंतीपलीकडून शेजारच्या न्या कान्देचं, म्हणजे कान्देबाईचं, डोकं वर आलं.

"करई, तुमच्याकडे कोण हो?"

"कोण म्हणजे?"

"म्हणजे घरात माणसं दोनच. त्यातले तुम्ही तर नसणार."

निमिया छत्तीस वर्षांची होती. नऊ वर्षांपूर्वी एलादियोशी तिचं लग्न ठरलं होतं, आणि नऊ वर्षं तो चारचौघांच्या रिवाजाप्रमाणे मंगळवार, गुरुवार, शनिवार, रविवार येऊन दिवाणखान्यात बसत होता आणि नऊला उठत होता. त्याची आई न्या पोलोनिया दर वर्षी लग्न पुढे ढकलत होती. कधी छप्पर गळतं, कधी तिचे गुडघे दुखतात. यंदा कशीबशी डिसेंबरची तारीख तिच्या तोंडून निघाली होती. आणि एलादियो गेले चार महिने तिकडे लांब चाकोत गुरांचा ट्रक चालवत होता. आता पाळणा हलणार म्हटल्यावर न्या पोलोनिया काय हिशेब करेल हे सांगायला पोस्टमास्तर कशाला हवा? लग्न मोडणार. दुसऱ्यांच्या मुलींचे लग्नाचे झगे शिवणारी आपली मुलगी जन्मभर दुसऱ्यांचेच झगे शिवत राहणार. करईंना रडूच आलं.

त्यांनी घाईघाईने पुस्तक उघडलं. देव दयाळू. शेवटून दुसऱ्या पानावर अगदी तसाच पक्षी होता. तेच पिवळं पोट, तीच पांढरी भुवई, फक्त चोच जरा रुंद. आणि तो कुणाच्या घरातलं काही सांगत असल्याची नोंद पुस्तकात नव्हती.

"न्या कान्दे, हा पितोग्वे नव्हेच," करई पुस्तक भिंतीवर धरून म्हणाले. "हा रुंदचोच्या. चोच बघा, होडीसारखी आहे."

"पण तो 'पितोग्वे' म्हणाला!"

"म्हणेल. पोपटसुद्धा 'आवे मारिया' म्हणतो, म्हणून काय तो पाद्री झाला?"

न्या कान्देला हे पटलं नाही, पण आवडलं, आणि जे आवडलं ते तिने संध्याकाळपर्यंत बाजारभर सांगितलं.

गुरुवारी करईंनी मांस बंद केलं. पक्ष्याला ते अजिबात मानवलं नाही. तो सकाळी सहापासून खिडकीवर बसून ओरडू लागला. करईंनी टोपी फेकली, ती छपरावर अडकली. शेवटी नाइलाजाने त्यांनी मांसाचा तुकडा ठेवला, आणि काय आश्चर्य, पक्षी गप्प. चोचीत घास असला की त्याला बोलता येत नव्हतं. करईंना युक्ती सापडली. दर दहा मिनिटांनी एक तुकडा, म्हणजे घराण्याची अब्रू शाबूत. शुक्रवारी पक्ष्याने बायकोला आणलं. तेव्हापासून दर पाच मिनिटांनी एक.

"पापा, सुपात मांस कुठाय?" रात्री निमियाने विचारलं.

"रुंदचोच्याने खाल्लं."

"पितोग्वेने?"

"ते नाव या घरात घ्यायचं नाही!"

निमियाने सूप घेतलं नाही. ती उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. करईंना वाटलं, पोरीच्या कानावर गेलं वाटतं बाजारातलं.

शनिवारी दुपारी फाटक वाजलं. न्या पोलोनिया आली होती, आणि येताना स्वतःची खुर्ची घेऊन आली होती. ती खुर्ची तिने पेरूखाली करईंच्या खुर्चीसमोर ठेवली आणि छत्री मांडीवर आडवी घेतली. न्या कान्देही भिंतीवर हजर झाली.

"करई, मी ऐकलंय ते खरं की खोटं ते मला कुणी सांगू नका," न्या पोलोनिया म्हणाली. "माझे कान शाबूत आहेत. तो पक्षी ओरडेपर्यंत मी इथून हलत नाही."

"अहो, रुंदचोच्या आहे तो. चोच..."

"चोच बघायला मी आले नाही. ओरडू दे."

करईंनी मांसाचं भांडं मांडीवर घेतलं. पुढचे दोन तास तसेच गेले. ऊन पानांतून झिरपत होतं, होले घुमत होते, मैनुम्बी येऊन साखरपाणी पिऊन जात होता. करई झोपेच्या काठावरून तुकडा ठेवत, पक्षी तो उचलत, न्या पोलोनियाची मान हळूहळू छातीवर येई आणि दचकून वर जाई. एकदा तर दोघंही घोरले. दूर कुठेतरी एक ट्रक थांबल्यासारखा आवाज झाला. करईंना वाटलं, ही दुपार अशीच राहिली तर किती बरं होईल. मग त्यांची बोटं भांड्याच्या तळाला लागली. मांस संपलं होतं.

पक्ष्याने रिकाम्या फळीकडे पाहिलं. करईंकडे पाहिलं. मग खिडकीवर उडून गेला.

"पितोग्वे! पितोग्वे! पितोग्वे!"

न्या पोलोनिया छत्रीसकट उभी राहिली. "झालं समाधान? चार महिने! माझा लेक चार महिने चाकोत धूळ खातोय आणि इथे... लग्न मोडलं! आत्ता, इथल्या इथे मोडलं!"

"आई, थांब," फाटकातून आवाज आला. एलादियो उभा होता. अंगावर धूळ, हातात टोपी. "चार महिने नाही. दर दुसऱ्या बुधवारी मी आसुन्सियोनला गुरं उतरवायला येत होतो. जाताना इथे..."

"बुधवारी? बुधवार काय तुझा भेटायचा वार आहे?"

"म्हणून तर. बुधवारी कुणी लक्ष ठेवत नाही."

"आणि घरी का नाही आलास?"

"आलो असतो तर तू मला गळकं छप्पर दुरुस्त करायला चढवलं असतंस."

करईंचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे ते बूट..." ते पुटपुटले.

"काढावे लागत, करई. तुमची झोप मोडू नये म्हणून," एलादियो जमिनीकडे बघत म्हणाला.

खिडकीत निमिया उभी होती. ती लाजली नाही की रडली नाही. "तिसरा महिना आहे," तिने सांगितलं. "पक्ष्याने माझ्याआधी सांगून टाकलं, एवढंच."

न्या पोलोनिया पुन्हा खुर्चीत बसली. तिने मुलाकडे पाहिलं, निमियाकडे पाहिलं, भिंतीवर टांगलेल्या न्या कान्देकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ त्या पक्ष्याकडे पाहिलं.

"कान्दे," ती सावकाश म्हणाली, "माझा चष्मा घरी राहिला होता. आता नीट दिसतंय. हा पितोग्वे नव्हे. चोच बघ, होडीएवढी आहे."

"पण तो आत्ता..."

"रुंदचोच्या आहे! बाजारात जाऊन सांग. लग्न पुढच्या शनिवारी. आणि मूल सातव्या महिन्यात होईल. आमच्या घराण्यात सगळी सातव्याच महिन्यात होतात." ती करईंकडे वळली. "सांगा तिला. तुमचं पुस्तकच आहे."

करई देमेत्रियो पेरूखाली उभे होते. तीन दिवस ते हेच ओरडून सांगत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. आता सगळ्यांनी ऐकायची तयारी केली होती. पण ते भलत्याच तंद्रीत होते. या अंगणात लवकरच कुणीतरी रांगणार होतं, पेरू तोंडात कोंबणार होतं, दुपारी झोपू देणार नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

"नाही, न्या कान्दे," ते म्हणाले. "माझी ओळखण्यात चूक झाली. पितोग्वेच आहे तो. अस्सल. आणि पितोग्वे कधी चुकत नाही."

"अहो व्याही!" न्या पोलोनियाने छत्री आपटली. "तोंड बंद ठेवा की जरा!"

नऊ वर्षांत ती त्यांना पहिल्यांदाच व्याही म्हणाली होती. करईंनी ताबडतोब तोंड बंद केलं.