शून्य आरांची खोली

सोमवारी सकाळी तळटीपरावांनी आपल्या खोलीतलं बटण दाबलं आणि दिवा लागला नाही. पंख्याचं दाबलं, पंखा ढिम्म. बाहेर कॉरिडॉरमध्ये मात्र लखलखाट होता. त्यांनी शिपायाला हाक मारली.

"फ्यूज उडाला का रे?"

"नाही साहेब, लाईनच काढलीय. तुमची खोली नाहीये ना आता."

"नाहीये म्हणजे? मग मी उभा कुठे आहे?"

शिपायाने त्यांच्या पायांकडे नीट पाहिलं. "ते मला नका विचारू. खाली इमारत विभागात विचारा. यादीत तुमच्यापुढे शून्य आलंय."

तळटीपराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते त्या कचेरीतले अनुवादक. मुख्यालयाच्या भाषेतून आलेले फॉर्म इथल्या भाषेत आणायचे हे त्यांचं काम, आणि मूळ मजकूर चुकलेला दिसला की ते खाली बारीक अक्षरांत तळटीप देत. मजकूर बहुधा चुकलेलाच असे. त्यातही मोजमापाचं एकक चुकलं की त्यांना जेवण जात नसे. अकरा वर्षं ते बारा भाषांमधल्या एककांचा कोश रचत होते. कुठल्या भाषेत चौरस मीटर म्हणतात, कुठल्या भाषेत वर्गमीटर, कुठे मीटर आधी येतो आणि चौरस मागून, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं, पण कोणी विचारत नव्हतं.

त्यातली बरीच वर्षं त्यांचं टेबल झेरॉक्स मशीनला खेटून होतं. ही खोली मिळून जेमतेम आठ महिने झाले होते. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद, एक खिडकी आणि आतून लावता येणारं दार. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. कोश पुरा व्हायचा तर याच दाराआड, नाहीतर कधीच नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि घात केला तो एका फॉर्मने. कचेरीतल्या प्रत्येक खोलीचं क्षेत्रफळ कळवा, असा मुख्यालयाचा फॉर्म आला होता. तिथल्या कोणीतरी तो जमीनमोजणीच्या फॉर्मवरून जसाच्या तसा उतरवला होता, त्यामुळे रकान्याच्या डोक्यावर एकक होतं 'आर'. खोल्या कोणी आरमध्ये मोजतं का? तळटीपराव साहेबांकडे धावले होते. साहेब म्हणाले, "आहे ते लिहा, अक्कल लावू नका." त्यांनी आहे ते लिहिलं आणि खाली तळटीप दिली: एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर. मग आपल्या खोलीचा हिशेब नेटका केला. नऊ चौरस मीटर, म्हणजे शून्य दशांश शून्य नऊ आर. तसं लिहून त्यांनी सही ठोकली.

इमारत विभागातल्या बाईंनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

"हे बघा, मशीन पूर्ण आकडाच घेतं. तुमचं ते दशांश-बिशांश त्यानं शून्य केलं. शून्य क्षेत्रफळाला वीज नाही, झाडू नाही, टपाल नाही."

"आणि बाकीच्यांचं?"

"बाकीच्यांनी सरळ लिहिलं. कॅन्टीन साठ. साहेब तीस. जिन्याखालची झाडूंची खोली चार."

"चार आर!" तळटीपरावांचा आवाज चिरकला. "बाई, चार आर म्हणजे चारशे चौरस मीटर! तुमचं कॅन्टीन या कागदावर आपल्या अख्ख्या आवारापेक्षा मोठं झालंय! सगळ्यांनी चौरस मीटरचे आकडे आरच्या रकान्यात कोंबलेत. तळटीप कोणी वाचली नाही का?"

"नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण सगळ्यांचे दिवे लागतायत. तुम्हीपण नऊ लिहा आणि मोकळे व्हा. लिहू?"

"मेलो तरी नाही."

त्याच दिवशी त्यांनी मुख्यालयाला पत्र लिहिलं. सहा पानी. सोबत तक्ता: एक हेक्टर म्हणजे शंभर आर, एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर. अज्ञानाला सबब राहू नये म्हणून तीन भाषांत. पत्र गेलं आणि इकडे खोली हळूहळू नाहीशी होऊ लागली. मंगळवारी केर निघाला नाही. बुधवारी त्यांच्या नावाचं टपाल 'असे स्थळ नाही' असा शिक्का मारून परत गेलं. गुरुवारी खुर्ची गेली. पुढच्या आठवड्यात हजेरीपुस्तकात त्यांच्या नावापुढे 'जागेवर नाही' असा शेरा येऊ लागला, आणि तो त्यांना जागेवरच आणून दाखवला जाई. ते खिडकीच्या उजेडात उभ्याने कोश लिहीत. दुपारनंतर ढग आले की तेही संपे.

"अहो, एक आकडा तर लिहायचाय," बायको म्हणाली. "मी दूधवाल्याला रोज एक किलो दूध म्हणते. येतंच ना दूध?"

"दूध लिटरमध्ये मोजतात."

"बघा! पंचवीस वर्षं असंच बोललेय. कधी उपाशी राहिलात?"

संसार चुकीच्या एककात नीट चालला होता, हे त्यांना आजवर कोणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं. त्यांना फार एकटं वाटलं.

पुढच्या महिन्याच्या चार तारखेला ते कचेरीत आले तर दारासमोर विटांचा ढीग आणि एक गवंडी.

"हे काय?"

"दार बुजवायचंय." गवंड्याने कागद दाखवला. "आत काही नाही, असं लिहिलंय. मग दार कशाला? कोणी चुकून आत गेलं तर?"

"आत माझे कोशाचे कागद आहेत! अकरा वर्षांचे!"

"मग काढून घ्या की. मी सिमेंट कालवतो तोवर."

कागद काढून न्यायचे कुठे? परत झेरॉक्स मशीनपाशी? ते दोन-दोन पायऱ्या गाळत खाली धावले आणि बाईंसमोर धापा टाकत उभे राहिले.

"लिहा. नऊ."

"आर ना?" बाईंनी सवयीने विचारलं.

त्यांनी डोळे मिटले. "आर."

सही करताना आपण कोणाचा तरी गळा दाबतोय असं त्यांना वाटलं. वर येईतो दिवा लागला होता. दुपारी खुर्ची आली. गवंडी विटा उचलून निघून गेला. पण तळटीपरावांची लेखणी चालेना. 'क्षेत्रफळ' या शब्दापाशी आले की आपणच आपल्याला खोटे वाटत. तरी दार आतून लावता येत होतं. तेवढ्यावर त्यांनी मनाची समजूत घातली.

दहाव्या दिवशी मुख्यालयाचं उत्तर आलं. ते वाचता वाचता तळटीपराव खुर्चीतून उठले. त्यांचं म्हणणं शब्दशः मान्य झालं होतं! आपल्या अभ्यासपूर्ण पत्राबद्दल आभार. चालू महिन्याच्या एक तारखेआधीच्या सर्व नोंदी चौरस मीटरच्या समजून दुरुस्त केल्या आहेत. आपल्या शून्याच्या जागी, आपल्या पत्रातल्याप्रमाणे, नऊ चौरस मीटर घातले आहेत. एक तारखेपासून केलेली प्रत्येक नोंद मात्र आपल्या तक्त्यानुसार काटेकोरपणे आरमध्येच धरली जाईल. त्यांचे डोळे भरून आले. उभ्या नोकरीत त्यांची एक तळटीप कोणीतरी वाचली होती!

मग त्यांना चार तारीख आठवली.

ते खाली पोचले तेव्हा बाई छापील यादी चाळत होत्या.

"शून्य दुरुस्त झालं होतं हो तुमचं," त्या हळहळून म्हणाल्या. "पण त्यावर तुमचीच नवी नोंद बसली. नऊ आर. म्हणजे तुमच्या तक्त्याप्रमाणे..."

"नऊशे चौरस मीटर. ठाऊक आहे मला! चूक आहे ती! खोडा!"

"नोंद वर्षातून एकदाच बदलता येते. तुमची झाली बदलून." बाईंनी चष्मा काढला. "आणि माणशी दहा चौरस मीटर असा नियम आहे. राव, एकट्या माणसाला एवढी जागा आम्ही देऊ तरी कशी?"

तळटीपराव जिना चढून आले. कॉरिडॉर खोक्यांनी आणि माणसांनी भरून गेला होता. शेजारच्या इमारतीतला अख्खा विभाग हलवला होता, एकोणनव्वद जण, आणि टेबलं वाहून आणणारे वेगळे. दार आत उघडेना, कारण आत आधीच सहा जण आणि एक कपाट होतं. कोशाचे कागद कपाटावर चढवलेले होते आणि त्यांच्यावर कोणाची तरी छत्री वाळत होती.

गर्दीतून एक प्रौढ बाई हातात आदेश धरून पुढे आल्या. हलवलेल्या विभागाच्या त्या प्रमुख. त्यांनी भिंतीला टेप लावली, वाचली, पुन्हा लावली, आणि नम्रपणे तळटीपरावांकडे वळल्या.

"साहेब, हे नऊ चौरस मीटर मिळाले. उरलेले आठशे एक्याण्णव चौरस मीटर कुठे आहेत?"

वजाबाकी अचूक होती. एककही अचूक होतं, दोन्ही वेळा. इतकी वर्षं या इमारतीत ते ज्या एका माणसाची वाट पाहत होते, तो आज समोर उभा होता. तळटीपरावांनी तिथेच, कोणाच्या तरी खोक्यावर, बसकण मारली.