न्हाणीघराच्या भिंतीतला फुत्कार

न्हाणीघराच्या भिंतीतून फुत्कार ऐकू आला आणि मिस्त्रींनी जागच्या जागी ठरवून टाकलं, हा साप आहे.

दुसरं काही असणं शक्यच नव्हतं. त्या भिंतीत पाण्याचा पाइप होता खरा, पण तो मिस्त्रींनी स्वतः बसवलेला. उभा जन्म नळकामात गेला आणि त्यांचा एक सांधा कधी गळला नाही. (गळला असेल, तर ते तोंडावर सांगायची कुणाची छाती झाली नाही.) पाइप नाही, म्हणजे साप. विषय संपला.

"अहो, एकदा पाइप तरी बघा," बायको म्हणाली.

"माझा सांधा फुसफुसत नाही."

"मी आपलं म्हटलं."

"म्हणू नकोस."

दुपारी सगळी गल्ली निपचित पडली की आवाज सुरू व्हायचा. बारीक, लांबलचक. दात आवळून कुणीतरी श्वास सोडत बसलंय असा. भिंतीला कान लावला की तो कानाच्या अगदी पलीकडे यायचा आणि मिस्त्रींच्या मानेवरचे केस उभे राहायचे. टाकीतलं पाणी संपलं की मात्र तो गप्प.

"बघ," मिस्त्री म्हणाले. "पाणी नसलं की मलूल होतो बिचारा."

बायकोनं रिकामी बादली त्यांच्यासमोर आपटली.

मग एका संध्याकाळी भिंतीच्या पायथ्याशी बेडूक ओरडला. बेडूक एरवी ओरडतो तसा नाही. लहान मूल झोपेत दचकून किंचाळावं तसा, आणि ती किंचाळी मधेच तुटली. बायकोच्या हातून बादली सुटली. त्यानंतर भिंतीत नुसता फुत्कार.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना मागच्या बागेत कात सापडली. भिंतीला जिथे चीर होती तिथूनच ती बाहेर आली होती, कर्दळीच्या बुंध्यापर्यंत. अजून ओलसर. डोळ्यांच्या जागी दोन गोल, पारदर्शक पापुद्रे होते. आत कुणी नव्हतं, पण ते पापुद्रे बघत होते.

"नाग!" मिस्त्री म्हणाले. भीतीतही आवाजात थोडा विजय होताच.

पंचाईत एवढीच की त्याच संध्याकाळी मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी यायची होती. नातवाचं तोंड मिस्त्रींनी अजून पाहिलं नव्हतं. पाळणा त्यांनी स्वतः टांगला होता आणि कडी धड आहे ना हे पाहायला येता-जाता त्याला झोका देत होते. बायकोनं फोन करून मुलीला सगळं सांगितलं.

"भिंतीत नाग, आणि मी बाळाला घेऊन येऊ?" मुलीचा आवाज बाहेरपर्यंत आला. "बाबांना सांग, आम्ही येत नाही!"

रिकामा पाळणा कुरकुरत हलत राहिला.

बायकोनं साप पकडणाऱ्या बाईंना बोलावलं. बाई आल्या त्या तोंडाचा पट्टा चालू ठेवूनच. हातात आकडा, खांद्यावर कापडी पिशवी. त्यांनी कात उजेडात धरली.

"या चौकटी दिसतात? आणि हा खवला खरखरीत लागतो बघा. ही दिवड. चावरी असते मेली, पण विष नाही."

बायको मटकन ओट्यावर बसली. "सुटले गं बाई!"

"नीट बघा," मिस्त्री म्हणाले. "नाग आहे."

"नाही हो काका."

"मग घोणस असेल."

"तुम्हाला विषारीच का हवाय?"

मिस्त्रींनी कात त्यांच्या हातून घेऊन उलटीपालटी केली.

"दिवड येते बेडकांमागे आणि बेडूक येतात ओलीला," बाई भिंत चाचपत म्हणाल्या. "हात लावून बघा, चिंब आहे. आत पाइप गळतोय. कुणा अडाण्यानं बसवलाय हो?"

बायकोला एकाएकी खोकल्याची उबळ आली.

बाईंनी चिरेत आकडा घातला. आतून काळ्या चौकटींचं, ओलं, चकचकीत अंग सरकत बाहेर आलं. संपता संपेना. शेवटी शेपूट आलं. सापानं रागानं पिशवीला चावा घेतला, बाईंनी तोंड आवळून गाठ मारली.

साप पिशवीत होता. फुत्कार भिंतीतच होता.

तेवढ्यात फोन वाजला. "बाबा, खरं सांगा. कुठला साप निघाला?"

मिस्त्रींनी पाळण्याकडे पाहिलं. नाग म्हटलं तर उभ्या जन्माची अब्रू राहत होती आणि पाळणा रिकामा राहत होता.

"दिवड. विष नाही. ये."

"पण ती आली कशी आपल्या घरात?"

मिस्त्री भिंतीकडे पाठ करून उभे राहिले. "ओलीनं. सांधा गळतोय."

"कुणाचा सांधा?"

"येताना बाळाला नीट गुंडाळून आण," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग मिस्त्रींनी भिंत फोडली, सांधा बदलला, चीर बुजवली. फुत्कार थांबला. दिवेलागणीला मुलगी आली. बाळ अंगानं एवढंसं, पण मिस्त्रींच्या बोटाला धरून राहिलं ते सोडेना. पाळण्यात घातलं आणि दोन झोक्यांत झोपलं. घरात शांतता पसरली. इतकी, की बाळाचा श्वास ऐकू यावा.

आणि स्वयंपाकघराच्या भिंतीतून आवाज आला. बारीक, लांबलचक, दात आवळून सोडलेला.

मुलीनं आईचा हात घट्ट धरला. आई हात सोडवून उठली. आत गेली आणि एका हातात पाना, दुसऱ्या हातात फोन घेऊन आली.

"बोला. बाईंना बोलावू, की तुम्ही बघता?"

मिस्त्री भिंतीकडे मोठ्या आशेनं बघत होते.

"साप असू शकतो," ते म्हणाले.

बायकोनं पाना त्यांच्या हातात ठेवला. मिस्त्री उठले, पाळण्याला वळसा घालून चवड्यांवर चालत दारापर्यंत गेले आणि तिथे थांबून हळूच म्हणाले,

"पण असू शकतो."