वेंडेल स्टॅम्पर नावाचं इथं कुणी राहत नाही

शुक्रवारी शाळा सुटल्यावर वेंडेल स्टॅम्पर घरी आला, तेव्हा त्याची आई लुएला मोठ्या खुशीत होती. मक्याचा गरम पाव तिनं त्याच्यापुढे ठेवला आणि समोर बसली.

"आज एक बाई आली होती तुझी चौकशी करत. हातात फाइल, पायात सरकारी बूट. मी काय दाद देते होय! सांगितलं, या नावाचं इथं कुणी राहत नाही."

"आई, बाहेर टपालपेटीवर माझं नाव आहे."

"तीपण तेच म्हणाली. म्हटलं, पेटी घराबरोबर आली."

"आणि भिंतीवरचा माझा फोटो?"

"तो पेटीबरोबर आला."

वेंडेलनं हातातला पाव खाली ठेवला. लुएलानं त्याला लोणी वाढलं.

आमच्या लॉरेल फोर्कची, म्हणजे पूर्व केंटकीच्या डोंगरातल्या या चारशे माणसांच्या गावाची, एक जुनी रीत आहे. टाय बांधलेला किंवा फाइल घेतलेला परका माणूस आला आणि त्यानं कुणाचं नाव विचारलं, की ते नाव आपण जन्मात ऐकलेलं नसतं. आजोबांच्या काळी सरकारी माणसं मक्याच्या दारूच्या भट्ट्या फोडायला यायची, तेव्हापासूनची ही सवय. पुढे भट्ट्या गेल्या. लुएलाच्या भावाची, ऑर्विल टॅकेटची, तेवढी राहिली आणि रीत मात्र सगळ्यांचीच राहिली. आमच्याकडची पोरं मुळाक्षरं नंतर शिकतात.

वेंडेल त्याच पोरांना शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचा. कायदा म्हणजे काय, तो सगळ्यांना सारखा कसा, हे तो इतक्या कळकळीनं सांगायचा की पोरांना त्याची दया यायची. त्याला व्हायचं होतं केंद्रीय तपास अधिकारी. दोनदा परीक्षेला बसला आणि दोनदा आपटला. दुसऱ्या खेपेनंतर ओपलच्या खानावळीत सगळे त्याला वर्षभर 'साहेब' म्हणत होते. म्हणून तिसऱ्या वेळी त्यानं आईलासुद्धा पत्ता लागू दिला नाही. लेखी झाली, धावणं झालं, मुलाखत झाली. राहिली होती फक्त शेजारपाजारची चौकशी. एकशे तीस पानी अर्जात त्यानं गावातल्या भल्या माणसांची नावं ओळखीचे म्हणून भरली होती, त्यांना न विचारता. आणि चौदा मेला त्याला सदतीस वर्षं पूर्ण होणार होती. त्याआधी नेमणूक झाली नाही तर दार कायमचं बंद, असा नियमच होता. आज एप्रिलची वीस तारीख होती.

"म्हणजे ती बाई तुला धरायला नव्हती आली?" सगळं ऐकल्यावर लुएलानं विचारलं.

"नोकरी द्यायला आली होती."

"मग आधी सांगायचं की रे बाळा," ती म्हणाली. "मी भिंतीवरचा फोटो तरी आधीच उतरवून ठेवला असता."

शनिवारी वेंडेल गावभर फिरला. पेट्रोल पंपावरच्या व्हर्लिन कोम्ब्सनं बाईंना सांगितलं होतं की वेंडेल बिचारा दहा-बारा वर्षांपूर्वीच वारला, फार वाईट झालं. दुःख खरं वाटावं म्हणून त्यानं टोपीही काढली होती. ओपलनं तो अलास्काला गेल्याचं सांगितलं, कारण अलास्का लांब आहे आणि कोण जातंय बघायला. पाद्री होबार्ट यांची पंचाईत वेगळी होती. त्यांना खोटं बोलता येत नाही. त्यांनी बाईंना गुडघे टेकायला लावून चाळीस मिनिटं प्रार्थना केली आणि आमेन म्हणून मागच्या दारानं निघून गेले. प्रत्येकानं वेंडेलला हे अभिमानानं सांगितलं आणि वर उपकार मानायची गरज नाही असंही सांगितलं. वेंडेलला रडावं की हसावं कळेना, कारण इतकं प्रेम त्याच्यावर कुणी आजवर दाखवलं नव्हतं.

सोमवारी फोन आला. चौकशीच्या बाईंचं नाव होतं लिंडहॉर्स्ट. आवाज थंड आणि सभ्य होता.

"श्री. स्टॅम्पर, माझ्या टिपणांप्रमाणे तुम्ही वारलेले आहात, अलास्कात आहात आणि तुमच्या स्वतःच्या आईला माहीत नाही आहात. बावीस वर्षांत मी असा अर्ज पाहिला नाही."

वेंडेलनं रीत समजावून सांगायचा प्रयत्न केला. बाईंनी ऐकून घेतलं. गुरुवारी पुन्हा येईन, म्हणाल्या, आणि तेव्हाही कुणी ओळखलं नाही तर फाइल बंद.

बुधवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात गावजेवण असतं. तिथं वेंडेल उभा राहिला आणि त्यानं सगळं कबूल केलं. चमचे थांबले. आपल्यातलाच माणूस सरकारी होणार, हे गावाच्या पचनी पडेना. व्हर्लिन म्हणाला की मेलेला सांगितलं तेच बरं होतं.

शेवटी ऑर्विल मामा उठला. सत्तरीचा, वाळलेला, मोजकं बोलणारा माणूस. वेंडेलचा बाप खाणीत दगावल्यावर त्याला वाढवलं ते यानंच.

"पोरगं तिसऱ्यांदा बसलंय परीक्षेला," तो म्हणाला. "उद्या बाई येईल. जे विचारेल ते खरं सांगायचं. सगळं."

"सगळं?" लुएलानं भावाकडे बघत विचारलं.

"माझं मी बघतो," मामा म्हणाला आणि जेवण टाकून घरी गेला.

गुरुवारी बाई आल्या आणि गाव खरं बोललं. पण खरं बोलायची सवय नसलेल्या माणसाला कुठं थांबायचं ते कळत नाही. व्हर्लिननं वेंडेलनं चौथीत चोरलेलं कलिंगड सांगितलं, त्याच्या वजनासकट. ओपलनं तिच्या बहिणीला त्यानं लिहिलेली आणि कधीच न दिलेली चिठ्ठी तोंडपाठ म्हणून दाखवली. पाद्री होबार्ट म्हणाले की प्रवचनात तो दर रविवारी झोपतो, पण घोरत नाही. लुएलानं तर सकाळपासून बाईंना सोडलंच नाही. दोन वह्या भरल्या आणि तिसरी पंपावरून विकत आणावी लागली.

शेवटी बाई ऑर्विलकडे गेल्या. वेंडेल बरोबर होता. अंगणात तांब्याचे चेपलेले तुकडे पसरले होते आणि जवळच घण पडला होता.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"भट्टी होती. आजाची," मामा म्हणाला. "काल रात्रीपर्यंत. आता या पोराला खरं बोलायला काही अडचण नाही."

बाईंनी ते तुकडे पाहिले. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. वेंडेलला मात्र मामाकडे बघवेना.

बारा मेला नेमणुकीचं पत्र आलं. वेंडेल जॉर्जियात प्रशिक्षणाला गेला, पास झाला, टाय बांधायला शिकला आणि नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला रजा घेऊन घरी आला. पंपावर व्हर्लिननं अदबीनं टाकी भरून दिली आणि हवेबद्दल बोलला. मामा कसा आहे, असं वेंडेलनं विचारलं, तर तो म्हणाला, "कोण मामा, साहेब?" खानावळीत ओपलनं न सांगता कॉफी दिली, पण कुणाचाच ठावठिकाणा तिला आठवेना. पाद्री होबार्ट यांनी त्याला लांबून पाहिलं आणि तिथंच गुडघे टेकले.

घरी टर्की टेबलावर होती. तीन ताटं मांडली होती आणि एकातलं अर्धं जेवण संपलेलं होतं. त्या खुर्चीला हात लावला तर ती ऊब धरून होती.

"आई, मामा कुठंय?"

"कोण?"

"ऑर्विल. तुझा सख्खा भाऊ."

"नाव ऐकल्यासारखं वाटत नाही बाई," लुएला म्हणाली आणि त्याला बटाटे वाढले.

मागच्या ओढ्याकडून मामाच्या पीचच्या दारूचा गोडसर, ओळखीचा वास येत होता. भट्टीचं तांबं नवीन असावं. जी नोकरी वेंडेलला मिळावी म्हणून मामानं आजाची भट्टी फोडली, तीच नोकरी आता या टेबलाशी मामाच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसली होती. वेंडेलला आयुष्यात इतकं परकं कधी वाटलं नव्हतं. एवढ्यात फोन वाजला. त्याचे वरिष्ठ बोलत होते. सणाच्या दिवशी त्रास दिल्याबद्दल त्यांनी माफी मागितली.

"तू त्याच भागातला ना? चोरट्या दारूबद्दल एक निनावी पत्र आलंय. ऑर्विल टॅकेट म्हणून कुणी माहितीये का?"

लुएलाचा हात वाढता वाढता थांबला. वेंडेलला शाळेतला फळा आठवला, कायदा सगळ्यांना सारखा असतो हे त्यावर स्वतःच लिहिलेलं आठवलं.

"नाही सर," तो म्हणाला. "या नावाचं इथं कुणी राहत नाही."

त्यानं फोन ठेवला. मागचं दार उघडलं. ऑर्विल मामानं बूट पायपुसण्यावर झटकले, तो आपल्या खुर्चीत बसला आणि त्यानं ताट पुढे ओढलं.

"पोरगा आला वाटतं," तो म्हणाला.