चिलखती मोटारीची पशुवैद्यकीय तपासणी

१९१४ सालच्या सप्टेंबरात कॉव्हेंट्रीच्या विल्फ्रेड ओकशॉट नावाच्या मिस्त्र्याने एक मोटार लोखंडी पत्र्याने मढवली, तिच्या डोक्यावर मशीनगनची जागा केली आणि ती घोडदळाला फुकट द्यायला निघाला. फुकट देणाऱ्याकडे सरकार नेहमीच संशयाने बघते. इथेही तेच झाले.

विल्फ्रेडचा स्वार्थ होता आणि तो त्याने लपवला नाही. धाकटा भाऊ पर्सी घोडदळात स्वार होता. त्याचे पथक तीन आठवड्यांत फ्रान्सला निघणार होते. तिकडे शत्रू मशीनगनी रोखून बसलेला आणि आपला पर्सी तलवार उपसून घोडीवरून त्याच्या अंगावर जाणार, हे काही विल्फ्रेडच्या गळी उतरत नव्हते. पुढे गाडी, मागे पर्सी, एवढेच त्याला हवे होते.

पथकाचे प्रमुख कर्नल ट्रेव्हेनियन यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, छडीने पत्रा वाजवून पाहिला.

"वस्तू झकास आहे. पण अर्ज कुठला भरणार?"

"गाडीचा, साहेब."

"गाडी म्हणजे सामान. सामान मागून येतं. तुम्हाला ही पुढे हवी ना? घोडदळात पुढे जातो तो घोडा. घोड्याचा अर्ज भरा."

विल्फ्रेडने भरला. रंग: करडा. स्वभाव: आज्ञाधारक, चढावर जरा हट्टी. नर की मादी हा रकाना त्याने कोरा सोडला होता. कारकुनाने दयाबुद्धीने तिथे 'खच्ची' असे लिहिले.

दुसऱ्या दिवशी पशुवैद्य कॅप्टन पॉलर्ड आले. त्यांनी गाडीच्या तोंडाशी वाकून बराच वेळ पाहिले.

"दात नाहीत."

"मोटार आहे, साहेब."

"ते दिसतंय मला, आंधळा नाही मी. पण अर्जात घोडा लिहिलाय, आणि मी अर्ज तपासायला आलोय."

त्यांनी ओटची बादली पुढे ठेवली. अर्धा तास वाट पाहिली. ओट तसेच राहिले. मग गाडी सुरू करायला सांगितली. ती दोनदा खोकली आणि तिने धूर सोडला. कॅप्टनसाहेब चार पावले मागे सरकले आणि त्यांनी निदान लिहिले: अन्नावर वासना नाही, खोकला संसर्गजन्य असण्याचा संभव, एकवीस दिवस वेगळ्या तबेल्यात ठेवावे.

तबेल्यात गाडीखाली पेंढा अंथरला गेला. रोज सकाळी एक शिपाई तिला खरारा करू लागला. पर्सी संध्याकाळी बघायला यायचा आणि दाराला टेकून हसायचा.

"विल्फ, माझ्या डॅमसन घोडीला एवढा पेंढा कधी नाही मिळाला. तुझा घोडा फारच लाडाचा बुवा."

"पर्सी, आजारी पड. आठवडाभर पड नुसता."

"आई काय म्हणेल?"

"आई खूश होईल."

"आणि कर्नल?" पर्सी म्हणाला.  भावाची कॉलर नीट करून विल्फ्रेड कारखान्यात परत गेला.

एकोणिसाव्या दिवशी पथक बँड वाजवत गेले. एकविसाव्या दिवशी गाडी निरोगी ठरली. दाखला घेऊन विल्फ्रेड धावतच कचेरीत पोचला. तिथल्या मेजरांनी दाखला वाचून शाबासकी दिली आणि मग पटावर बोट ठेवले.

"पथकाला मंजूर घोडे पाचशे एकोणपन्नास. आहेत पाचशे एकोणपन्नास. आता जागा झाली की कळवू."

"जागा कशी होणार?"

"होते हो, लढाईच आहे," मेजर आपुलकीने म्हणाले.

नोव्हेंबरात एका सकाळी पत्र आले. आई टेबलाशी चहा ओतत होती. लखोट्यावरची लष्करी मोहोर पाहून तिचा हात थांबला.

"पर्सीबद्दल काही लिहिलंय?"

विल्फ्रेडने वाचले. 'कळविण्यास आनंद होतो की, डॅमसन ही घोडी चढाईत स्वारासह कामी आल्याने पथकात एक जागा रिक्त झाली असून आपला घोडा रुजू करून घेण्यात येत आहे. खोगीर सोबत आणावे. पोच म्हणून खाली सही करावी.'

"घोडीबद्दल लिहिलंय, आई," तो म्हणाला आणि त्याने पत्राची घडी घातली. माणसांचे खाते वेगळे होते. त्यांची तार चार दिवसांनी आली.

विल्फ्रेडने सही केली. पर्सीच्या पथकात उरलेल्या पोरांपुढे तरी गाडी जाईल, एवढाच हिशेब त्याने केला.

आपण असतो तर तो कागद मेजराच्या तोंडावर फेकला असता, असे तुम्हाला वाटत असेल. जरूर वाटू द्या. फक्त येत्या नोव्हेंबरात पेन्शनीसाठी हयातीचा दाखला मागतील, तेव्हा खिडकीतल्या माणसाला एवढेच सांगून बघा, की मी समोर उभा आहे.