चंद्रीचा चीक आणि माझं विज्ञान

आतड्याच्या रक्षणावर आख्ख्या गास गावात माझ्याइतकं कुणी बोलू शकत नाही! शाळेत मी विज्ञान शिकवतो. त्यामुळे रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटपून घरी आलो, गोठ्यात चंद्री गाईचं नवं वासरू दिसलं आणि स्वयंपाकघरात पिवळ्याधमक चिकाचं पातेलं, तेव्हा माझा पारा चढला.

"क्लेमेंटीन! हा चीक काढलास कशाला?"

"अहो, खरवसाला. पण आधी ऐका तरी..."

"काय ऐकायचं? या चिकात प्रतिपिंडं असतात! आतड्याच्या अस्तरावर पहारा देतात. जंतू आला की त्यालाच घट्ट धरतात, अस्तराला चिकटू देत नाहीत, थेट शेणाबरोबर बाहेर! काय शिस्त, काय इमान! आणि तू त्यांना वेलची घालून वाफवणार?"

गेल्या वर्षीचं वासरू हगवणीने चौथ्या दिवशी गेलं होतं. मी आठवडाभर नीट जेवलो नव्हतो. हे जाऊ द्यायचं नव्हतं!

बाटलीत चीक भरून वासरासमोर बसलो. त्याने तोंड फिरवलं. जबडा उघडायला गेलो, तर त्याने ढुशी दिली आणि मी शेणात! मिस्साचा पांढरा शर्ट!

"पीत नाही! आजारी आहे!" म्हणत तसाच सायकलवरून निघालो आणि गुरांच्या डॉक्टरांना, भालचंद्रांना, जेवणावरून उठवून आणलं.

डॉक्टरांनी पोट चाचपलं. "मास्तर, हे टम्म भरलंय. कुणी पाजलं?"

"मी," क्लेमेंटीन म्हणाली. "उभं राहिल्याबरोबर. पोटभर पाजून उरलेला काढला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलू कुठे दिलंत?"

डॉक्टर खूश झाले. "वा, वहिनी! पहिल्या तासातच पाजलंत! कुणी शिकवलं?"

"चंद्रीनंच. वासरू बाहेर पडलं की लगेच त्याला आचळाकडे ढकलते. मी आपली तिचं ऐकते."

प्रतिपिंडांचं कौतुक मला होतंच, आता बायकोचंही वाटलं. खरंच वाटलं!

"मग गेल्या वर्षीचं कसं गेलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तेव्हा मी माणिकपूरला माहेरी होते. चंद्री यांच्याकडे होती."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "पहिला चीक कुठे गेला, मास्तर?"

मी शर्टावरचं शेण खरवडू लागलो.

"हेडमास्तरांकडे," मी म्हणालो. "खरवस फार छान झाला होता."

त्या दिवशी घरच्या खरवसाला मी हात लावला नाही. वाढलाही नव्हता म्हणा.