हरिश्चंद्राचा गोमेद

"ह्या खेपेला फोरमन झालो नाय, तर नावाचा हरिश्चंद्र नाय!"

अलोऱ्याच्या कॉलनीत, भर नळावर, हरिश्चंद्राने हे जाहीर करून टाकलं. धाडसच म्हणायचं! पोफळीच्या पॉवरहाउसात मशीनचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगणारा हा गडी, पण साहेबासमोर खुर्चीत बसला की त्याची वाचाच जायची. पहिल्या मुलाखतीत मुका राहिला. दुसऱ्या वेळी नाव विचारलं, तर बापाचं सांगून आला! आता ही तिसरी. हीही गेली, तर जन्मभर ऑपरेटरच राहायचं होतं.

चिपळूणच्या जोशीबुवांनी पत्रिका पाहून निदान केलं. "राहू जिभेवर बसलाय तुझ्या. गोमेद घे. तीन दिवस देवापुढे तांदळाच्या वाटीत पुरून ठेव. चौथ्या सकाळी फडक्यात गुंडाळून दंडाला बांध. आणि कुणाला बोलू नको. बोललास की गुण गेला!"

हरिश्चंद्राने गोमेद आणून तांदळात पुरला, पण बायकोलाही बोलला नाही. आणि इथेच माशी शिंकली!

चौथ्या सकाळी आंघोळ करून देवापुढे येतो, तर वाटी घासूनपुसून पालथी! मुलाखत अकराला.

"मथुरा! वाटीतले तांदूळ गो?"

"डब्यात ओतले. मुंग्या लागत होत्या."

"आणि त्यात... काय निघालं?"

"रेशनच्या तांदळात काय निघायचं? खडा निघाला. दिला भिरकावून अंगणात!"

"कसला होता?"

"तांबूस. आता खड्याचीपण पत्रिका मांडू?"

हरिश्चंद्र अंगणात धावला. अंगण सगळं जांभ्याचं. गोमेदाच्या रंगाचे खडे तिथे पायलीने मोजावेत! पण गडी हटणारा नव्हता. चाळण घेतली आणि धुतल्या कपड्यांनिशी मातीत बसला.

"काय हरवलं, भावजी?" शेजारची तुळसा कुंपणावरून वाकली.

"काय नाय!"

"काय नाय, ते एवढं चाळून बघताव?"

झालं! पाव तासात तुळसाच्या दारी अंगठी हरवली होती, पुढच्या दारी मंगळसूत्र, आणि चाळीच्या टोकाला बातमी पोचली तेव्हा अंगणात घोणस निघाली होती! चाळीतला रामा काठी घेऊन धावत आला.

"हरी, सरक! कुठाय जनावर?"

"अरे, जनावर नाय!"

"मग खाली वाकून काय बघतंस?"

सांगायची सोय नाही! रामाने मथुराची अबोली झोडपून काढली, कोंबड्या कौलांवर चढल्या. हरिश्चंद्र मात्र चाळतोय तो चाळतोयच. दहाच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला तेव्हा त्याने शेवटचा उपाय म्हणून बादलीभर पाणी अंगणात ओतलं. एक खडा चकाकला.

"हाच तो!"

फडक्यात गुंडाळून दंडाला करकचून बांधला आणि गाडीमागे धावला.

साहेबांनी विचारलं, "बेअरिंग तापलं तर काय कराल?"

हरिश्चंद्राने दंड चाचपला. "मशीन बंद करीन, तेल बघीन, मग साहेबांना फोन!"

"आधी साहेबांना नाही?"

"साहेब येईपर्यंत बेअरिंग थांबत नाय, साहेब!"

साहेब हसले. तिथल्या तिथे फोरमन!

आता कसलं मौन? परतीच्या गाडीत रामा भेटला, तेव्हा हरिश्चंद्राने त्याला जोशीबुवांपासून दंडापर्यंत सगळं सांगून टाकलं. घरी मथुराने आनंदाने गरम भात वाढला, बांगड्याचं कालवण वाढलं. हरिश्चंद्राने मोठा घास घेतला.

कट्ट!

"आई गं!"

"अगो बाई! आज गडबडीत तांदूळ निवडायचे राहिलेच!"

हरिश्चंद्राने तोंडातून काढलं ते तळहातावर धरलं. अर्धी दाढ होती. आणि तिच्याशेजारी मधाच्या रंगाचा, पैलू पाडलेला, लखलखीत गोमेद!

हरिश्चंद्राने सावकाश दंडाचं फडकं सोडलं. आतून जांभ्याचा खडा घरंगळला आणि थेट कालवणात पडला.

"अवो, म्हणजे ह्या दगडाच्या जिवावर बोललाव तुमी?" मथुरा पदरात तोंड खुपसून हसू लागली.

तेवढ्यात दारातून रामा ओरडला, "हरी, जोशीबुवांचा पत्ता दे! मलापण खडा आणायचाय. तुला अगदी बरोब्बर लागला!"

"लागला तर," हरिश्चंद्र गाल धरून म्हणाला, "दाढेला!"